बाहेरच्या खोलीतील सागवानी फरशी : बुलडाणा जिल्ह्यातील हवा, जमीन आणि लाकडातील ओलावा

प्रस्तावना

घराच्या आवारात मुख्य वास्तूपासून वेगळी अशी एखादी खोली असणे, ही बुलडाणा जिल्ह्यातील ग्रामीण व निमशहरी घरांची जुनी रीत आहे. पूर्वी ती गुरांचा गोठा, कडब्याची खोली, धान्याचे कोठार किंवा शेतीची अवजारे ठेवण्याची जागा असे. शेतीतील बैलांचे प्रमाण कमी झाले, धान्य थेट बाजार समितीत जाऊ लागले आणि या खोल्या रिकाम्या पडल्या. अशा खोलीचे रूपांतर मुलांची अभ्यासिका, योगासनांची जागा, पाहुण्यांची खोली किंवा संगीत साधनेची खोली यांत करण्याची प्रवृत्ती आता दिसून येते. या रूपांतरात लाकडी फरशीची हौस अनेकांना असते. त्यामागे एक भावनिक कारणही आहे. वडिलांनी शेताच्या बांधावर लावलेले साग वीस-पंचवीस वर्षांनी तोडणीस येतात. त्या सागाची फरशी आपल्या घरात असावी, असे पुढच्या पिढीला वाटते.

मात्र उन्हाळ्यात घट्ट व देखणी बसलेली ही फरशी पहिल्याच पावसाळ्यात फुगते, फळ्यांच्या कडा वर येतात, दार अडते आणि कधीकधी मधला भाग जमिनीपासून सुटून उचलला जातो. पावसाळ्यात बसविलेली फरशी वैशाखात भेगाळते. मग घरमालक सुताराला दोष देतो, सुतार लाकडाला दोष देतो आणि आरागिरणीवाला दोघांनाही. खर्च झालेला पैसा परत येत नाही, तोडलेले झाड तर नाहीच नाही. हा वाद खरे तर टाळता येण्याजोगा आहे, कारण बिघाडाचे मूळ बहुतांशी एकाच गोष्टीत असते. ती गोष्ट म्हणजे पाण्याचा हिशेब न ठेवणे.

लेखाचा उद्देश व व्याप्ती

प्रस्तुत लेखात अखंड सागवानी फळ्यांच्या फरशीचा विचार केला आहे. लाकडाच्या भुशापासून बनविलेल्या तक्त्यांवर छापील थर देऊन तयार होणारी फरशी, तसेच अनेक थर चिकटवून केलेली फरशी यांचा येथे विचार केलेला नाही. लेखाचे उद्देश तीन आहेत : लाकूड व ओलावा यांचा संबंध स्पष्ट करणे, बुलडाणा जिल्ह्याची हवा व जमीन यांमुळे निर्माण होणाऱ्या विशेष अडचणी मांडणे, आणि फरशी घालण्यापूर्वी करावयाची मोजमापे व बांधणीची योग्य पद्धत सुचविणे.

लाकूड आणि ओलावा : मूलतत्त्व

लाकूड झाडापासून वेगळे झाले तरी हवेशी असलेले त्याचे देणेघेणे संपत नाही. दमट हवेत ते बाष्प शोषून घेते, कोरड्या हवेत सोडून देते. कापूस उत्पादक जिल्ह्यातील वाचकांना ही गोष्ट नवी नाही. शासकीय कापूस खरेदी केंद्रावर ८ टक्के ओलाव्याच्या कापसाला पूर्ण हमीभाव मिळतो आणि त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्या प्रमाणात कपात होते. सोयाबीनचाही ओलावा मोजूनच भाव ठरतो. कापूस हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आहे आणि लाकडाच्या पेशीभित्तिकांचाही मुख्य घटक सेल्युलोजच आहे. तेव्हा जो शेतकरी कापसाचा ओलावा मोजल्याशिवाय गाडी भरत नाही, त्याच्याच घरी फरशीचे लाकूड मात्र केवळ हाताने चाचपून ‘वाळले आहे’ असे ठरविले जाते, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

लाकडातील पाणी दोन प्रकारचे असते. पेशींच्या पोकळीतील मोकळे पाणी निघून गेल्याने लाकडाचे वजन घटते, आकार फारसा बदलत नाही. पेशीभित्तिकांत बांधलेले पाणी कमी होऊ लागले की मात्र लाकूड आक्रसते. या दोहोंमधील सीमारेषा ओलाव्याच्या सुमारे २८ ते ३० टक्क्यांवर असते व तिला तंतुसंपृक्त बिंदू म्हणतात. फरशीचे सर्व प्रश्न या बिंदूच्या खालच्या पट्ट्यातले आहेत.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे लाकूड सर्व दिशांना सारखे आक्रसत नाही. लांबीच्या दिशेने होणारा बदल नगण्य असतो. वार्षिक वलयांना छेदून जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने तो मध्यम असतो आणि वलयांच्या कडेने, म्हणजे स्पर्शरेषेच्या दिशेने सर्वाधिक असतो. साग हे तुलनेने स्थिर लाकूड मानले जाते. तरीही त्याचा ओलावा १ टक्क्याने बदलला की स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ०.१९ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे ०.१० टक्के फरक पडतो.

हे आकडे किरकोळ वाटतात, म्हणून एक उदाहरण घेऊ. खोलीची रुंदी ३ मीटर आहे आणि १०० मि.मी. रुंदीच्या ३० फळ्या शेजारी शेजारी बसविल्या आहेत. बसविताना ओलावा ७ टक्के होता व पावसाळ्यात तो १३ टक्के झाला. स्पर्शरेषेच्या दिशेने कापलेली प्रत्येक फळी सुमारे १.१ मि.मी. रुंदावेल आणि संपूर्ण फरशी सुमारे ३३ मि.मी. वाढू पाहील. त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळ्या असतील तर हीच वाढ सुमारे १८ मि.मी. होईल. भिंतीपाशी जागा सोडलेली नसेल, तर फरशीला वर उचलले जाण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. फुगणाऱ्या लाकडाचा जोर किती असतो हे दगडाच्या खाणीतील जुन्या पद्धतीवरून कळते : दगडाच्या फटीत कोरड्या लाकडी पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतले की दगड फुटत असे.

जिल्ह्याची हवा

कोणत्याही तापमानाला व सापेक्ष आर्द्रतेला लाकडाचा एक समतोल ओलावा ठरलेला असतो. सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर लाकूड दीर्घकाळात ४ ते ५ टक्क्यांवर स्थिरावते; आर्द्रता ५० टक्के असेल तर सुमारे ९ टक्क्यांवर; आणि ८० टक्के असेल तर सुमारे १६ टक्क्यांवर.

बुलडाणा जिल्ह्यात ही सर्व टोके एकाच वर्षात अनुभवास येतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या घाटाखालच्या भागात एप्रिल-मे महिन्यांतील तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले बुलडाणा शहर व चिखली, मेहकर हा घाटावरचा भाग तुलनेने सौम्य असला तरी उन्हाळ्यातील कोरडेपणा तेथेही आहेच. जूनच्या मध्यानंतर मोसमी वारे आले की काही आठवड्यांतच चित्र पालटते आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा सतत दमट राहते. लाकूड दुपारच्या एका आकड्यामागे धावत नाही; दिवस-रात्रीच्या सरासरीप्रमाणे ते सावकाश बदलते. तरीही बाहेरच्या खोलीतील फळीचा ओलावा वैशाखात ६-७ टक्क्यांच्या आसपास आणि श्रावण-भाद्रपदात १३-१४ टक्क्यांच्या आसपास जाणे स्वाभाविक आहे.

बाजारात मिळणाऱ्या तयार फळ्यांसोबतच्या सूचना बहुधा युरोप-अमेरिकेतील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. तेथे हिवाळ्यात घर तापविले जाते, त्यामुळे लाकूड हिवाळ्यात आक्रसते आणि उन्हाळ्यात फुगते. खोलीतील आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी, अशी अपेक्षा त्यांत असते. विदर्भात ऋतुचक्र नेमके उलटे आहे. येथे उन्हाळा लाकूड आक्रसवितो व पावसाळा फुगवितो. आणि आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा बाहेरच्या खोलीत सहसा नसते.

त्यात भर पडते ती कूलरची. विदर्भातील उन्हाळा कूलरशिवाय कल्पिता येत नाही. कूलर हवा थंड करतो तो पाण्याचे बाष्प करून, म्हणजेच खोलीतील आर्द्रता वाढवून. खोली वापरात असताना कूलर चालतो व नंतर ती दिवसचे दिवस बंद राहते. परिणामी ऐन उन्हाळ्यातही लाकडाला दमट आणि कोरडे असे हेलकावे बसतात. कूलरच्या टाकीतून ठिबकणारे पाणी ही वेगळीच आपत्ती होय.

जिल्ह्याची जमीन

हवेपेक्षाही दुर्लक्षित राहतो तो पायाखालचा ओलावा. जिल्ह्याचा बराच भाग बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या जमिनीचा आहे. घाटावर अनेक ठिकाणी काळ्या मातीचा थर उथळ असून त्याखाली मुरूम लागतो. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात मात्र हा थर खोल आहे. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती पाणी पिऊन फुगते व वाळल्यावर आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा हे त्याचेच दृश्य रूप. बाहेरच्या खोलीचा पाया सहसा उथळ असतो व जोते जेमतेम वीतभर उंच असते. पावसाळ्यात भिंतीलगतची माती आधी भिजते व फुगते, मधली उशिरा. त्यामुळे खालचा कोबा असमान उचलला जातो, त्याला तडे जातात व त्या तड्यांतून ओल वर येते. सपाट कोब्यावर घट्ट बसविलेली फरशी अशा हालचालीत पोकळ वाजू लागते.

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील पूर्णाकाठच्या गावांत खारपाणपट्ट्याची अडचण आहे. तेथील जमिनीत व भूजलात क्षार अधिक असतात. बांधकामात असे पाणी वापरले, किंवा जमिनीतील ओल क्षारांसह वर चढली, की भिंतीला व कोब्याला लोणा लागतो. काही क्षार हवेतील बाष्प स्वतःकडे ओढतात, त्यामुळे लोणा लागलेला पृष्ठभाग पाऊस नसतानाही ओलसर राहू शकतो.

खोली पूर्वी गोठा असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. वर्षानुवर्षे गोमूत्र मुरलेल्या मातीत नायट्रेटयुक्त क्षार साठलेले असतात. वरून दोन इंचांचा कोबा केल्याने ते नाहीसे होत नाहीत. ते हळूहळू कोब्यातून वर येतात. अशा खोलीत खालची माती किमान हात-दीड हात काढून टाकून तेथे स्वच्छ मुरूम भरणे हाच खात्रीचा उपाय आहे.

बाहेरच्या खोलीचे वेगळेपण

हेच लाकूड मुख्य घरात टिकते आणि बाहेरच्या खोलीत का बिघडते, असा प्रश्न विचारला जातो. याची कारणे रचनेत आहेत. मुख्य घर रोज वापरात असते, तेथे दारे-खिडक्या उघडतात, स्वयंपाक व माणसांचा वावर असतो, छप्पर पक्के असते. बाहेरची खोली अनेकदा टिनपत्र्याची असते. पत्रा दिवसा तापतो व रात्री लवकर थंड होतो, त्यामुळे खोलीतील तापमानाचे चढउतार तीव्र होतात. दमट ऋतूत थंड पत्र्याच्या आतील बाजूस पाण्याचे थेंबही साचतात. चारही भिंती उघड्या असल्याने पावसाचा मारा सर्व बाजूंनी होतो आणि पत्र्यावरचे पाणी पन्हळीअभावी भिंतीच्या पायथ्याशीच पडते. खोली दीर्घकाळ बंद राहिल्याने आतील दमट हवा बाहेर पडत नाही. थोडक्यात, ज्या जागेत ओलाव्याचे चढउतार सर्वाधिक, तेथेच सर्वांत संवेदनशील फरशी घातली जाते.

पूर्वापार बांधणीतील शहाणपण

महाराष्ट्रातील जुन्या बांधणीत लाकडाचा वापर मुबलक होता, परंतु तो जोत्याच्या वर होता. पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण सर्वपरिचित आहे. १८२८ च्या आगीत त्याचे लाकडी मजले जळाले आणि दगडी जोते उरले. खाली दगड व वर लाकूड ही वाटणी केवळ भक्कमपणासाठी नव्हती. जमिनीची ओल लाकडापर्यंत पोहोचू नये, हाही तिचा परिणाम होता. वऱ्हाडातील धाब्याच्या व माडीच्या घरांतही तुळया, कड्या व तक्ते वरच्या मजल्याला असत. त्यांच्या खालून हवा खेळत असे. तळमजल्याची जमीन मात्र माती-मुरूम चोपून शेणाने सारवलेली असे. अशा जमिनीतून वर येणारी ओल तेथे न अडकता हवेत निघून जाई. सारवण उखडले तर पुन्हा सारवता येई.

तळमजल्यावर बसण्या-निजण्यासाठी लाकूड लागेच. पण ते पाट, चौरंग, तखत या हलवता येणाऱ्या रूपात असे. तखताला पाय असतात आणि त्याच्या खालून हवा जाते. लाकूड जमिनीला चिकटू द्यावयाचे नाही, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, तरी वस्तूंच्या घडणीतच तो होता. आधुनिक लाकडी फरशी हा नियम मोडते. म्हणून तिला अधिक काळजीची गरज आहे.

बिघाडांची ओळख

बिघाडाच्या रूपावरून त्याचे कारण ओळखता येते. त्यामुळे दुरुस्तीची घाई करण्यापूर्वी निरीक्षण आवश्यक आहे.

(१) पन्हळ पडणे : फळीच्या दोन्ही कडा वर येतात व मध्य खोलगट होतो. फळीची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा ओली झाल्याचे हे लक्षण आहे. कारण बहुधा कोब्यातील ओल हे असते. अशी फरशी लगेच घासून सपाट करणे ही सर्वांत मोठी चूक होय. कडा घासल्या जातात, आणि पुढे फळी वाळून मूळ आकारात आली की मध्य उंच व कडा खाली असे उलटे रूप कायमचे राहते.

(२) फरशी उचलली जाणे : फळ्या जमिनीपासून सुटून तंबूसारख्या वर येतात. फुगण्यास भिंतीपाशी जागा न सोडल्याचा हा परिणाम आहे. दाराचा उंबरठा, कपाटाचा पाया, खांब या ठिकाणीही जागा सोडावी लागते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते.

(३) भेगा पडणे : सर्व फळ्यांमध्ये सारख्या, बारीक व उन्हाळ्यापुरत्या भेगा पडत असतील तर तो ऋतुमानाचा भाग समजावा. त्यांत लांबी भरू नये. पावसाळ्यात फुगताना ती कडांवर दाब आणते. भेगा रुंद असतील व पावसाळ्यातही बुजत नसतील, तर लाकूड ओले असताना बसविले गेले असा निष्कर्ष काढता येतो.

(४) करकर आवाज व पोकळपणा : खालच्या पट्ट्या सैल होणे, खिळे ढिले पडणे किंवा कोबा असमान होणे ही याची कारणे आहेत.

(५) वाळवी : सागाच्या गाभ्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे तो वाळवीस चांगला प्रतिकार करतो. पांढरट बाह्यकाष्ठ मात्र वाळवीस सहज बळी पडते. बांधावरील वीस-पंचवीस वर्षांच्या सागात या पांढऱ्या भागाचे प्रमाण जुन्या सागापेक्षा अधिक असते. ‘सागाला वाळवी लागत नाही’ ही समजूत म्हणून अर्धसत्य आहे. फरशीखालची अंधारी, ओलसर व माणसाच्या नजरेआड असलेली पोकळी वाळवीला सोयीची ठरते.

फरशी घालण्यापूर्वीची मोजमापे

बिघाडाची चिन्हे फरशी घातल्यावर दिसतात. कारणे मात्र आधीच मोजता येतात. यासाठी महागडी साधने लागत नाहीत.

लाकडाचा ओलावा अचूकपणे मोजण्याची पद्धत महाविद्यालयाच्या कोणत्याही प्रयोगशाळेत करता येते. फळीच्या टोकापासून काही अंतर सोडून एक लहान तुकडा कापावा, त्याचे वजन करावे आणि सुमारे १०३ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणले की ओलाव्याची टक्केवारी मिळते. ५६ ग्रॅमचा तुकडा वाळून ५० ग्रॅम झाला तर ओलावा १२ टक्के. विजेवर चालणारे छोटे ओलावामापकही मिळतात. त्यांवर लाकडाची जात लक्षात घेऊन दुरुस्ती करावी लागते.

कोब्याची ओल तपासण्यासाठी दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. किमान १६ तासांनी प्लास्टिकखाली पाण्याचे थेंब किंवा कोब्यावर काळसर डाग दिसल्यास तेथे फरशी घालू नये. मात्र काहीच न दिसणे म्हणजे कोबा खोलवर कोरडा असल्याची खात्री नव्हे. या जिल्ह्यात तर एक विशेष सावधगिरी हवी : मे महिन्यात केलेली ही चाचणी जवळजवळ नेहमीच अनुकूल येते. खरी चाचणी भाद्रपदात, जमीन पूर्ण मुरल्यावर केली पाहिजे. एक पावसाळा थांबण्याची तयारी नसेल, तर लाकडी फरशीचा विचार सोडलेला बरा.

नवा कोबा वाळण्याचा वेळही हिशेबात धरावा लागतो. अनुकूल हवेत प्रत्येक २५ मि.मी. जाडीस सुमारे एक महिना, असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे चार इंचांच्या कोब्यास किमान चार महिने. पावसाळ्यात हा काळ आणखी वाढतो.

लाकूड किती वाळवावे, हा पुढचा प्रश्न. फळ्या खोलीत काही दिवस ठेवून ‘हवेशी जुळवून’ घ्याव्यात, असा सल्ला सर्रास दिला जातो. बुलडाण्यात तो आंधळेपणाने पाळणे घातक आहे. मे महिन्यात जुळवून घेतलेले लाकूड अति कोरडे असते व पावसाळ्यात जोराने फुगते. ऑगस्टमध्ये जुळवून घेतलेले लाकूड उन्हाळ्यात भेगाळते. उद्दिष्ट असावे ते वर्षभराच्या सरासरीचे, म्हणजे सुमारे ९ ते ११ टक्क्यांचे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २८७ या मानकात देशाचे आर्द्रतेनुसार विभाग पाडून लाकडाच्या उपयोगाप्रमाणे ओलाव्याच्या मर्यादा सुचविल्या आहेत, त्यामागील तत्त्व हेच आहे. हवेचा विचार करता पावसाळा ओसरल्यानंतरचे नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने या कामासाठी सोयीचे ठरतात.

बांधणीची पद्धत

सर्व मोजमापे अनुकूल असली तरी बांधणी योग्य हवी. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

प्रथम, पाणी खोलीपासून दूर न्यावे. छपराला पन्हळ लावावी, भिंतीभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेला फरसबंद पट्टा करावा आणि जोते आवाराच्या पातळीपासून किमान दीड-दोन फूट उंच असावे. दुसरे, काळी माती काढून मुरूम भरून चोपावा. फुगणाऱ्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. आर. के. कट्टी यांनी विकसित केली. लहान खोलीसाठीही तिच्यामागील विचार मार्गदर्शक आहे. तिसरे, वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया भराव करतानाच करून घ्यावी. आयएस ६३१३ या मानकात नव्या व जुन्या इमारतींसाठी तिच्या स्वतंत्र पद्धती दिल्या आहेत.

चौथे, कोब्यावर जाड प्लास्टिकचा अखंड ओलरोधक थर द्यावा, सांध्यांवर तो एकमेकांवर वीतभर चढवावा व कडा भिंतीवर वळवाव्यात. पाचवे, फळ्या थेट कोब्यावर न चिकटवता लाकडी पट्ट्यांवर किंवा लहान विटांच्या भिंतींवर ठेवलेल्या कड्यांवर बसवाव्यात. समोरासमोरच्या भिंतींत जोत्याच्या पातळीवर जाळीचे झरोके ठेवून खालून हवा खेळती ठेवावी. तखताच्या पायांचे काम येथे या कड्या करतात. झरोके पावसाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच हवेत आणि उंदीर-सापांपासून संरक्षणासाठी जाळी मजबूत हवी.

सहावे, रुंद फळ्यांचा मोह टाळावा. ६० ते ७५ मि.मी. रुंदीच्या फळ्यांत होणारा बदल अधिक सांध्यांत वाटला जातो व प्रत्येक भेग बारीक राहते. शक्यतो त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळ्या निवडाव्यात. टोकाकडून पाहिल्यास वलयांच्या रेषा उभ्या दिसतात ती अशी फळी. पांढरा भाग काढून टाकावा. सातवे, चारही भिंतींपाशी हिशेबाने जागा सोडावी. ३ मीटर रुंदीच्या खोलीत दोन्ही बाजूंस मिळून सुमारे २५ ते ३० मि.मी. जागा अवाजवी नाही. ती भिंतीला लावलेल्या पट्टीने झाकता येते. ही पट्टी भिंतीला ठोकावी, फरशीला नव्हे. आठवे, तेल अथवा वॉर्निश फळीच्या वरच्या बाजूस जसे लावले जाते तसे खालच्या बाजूस व कडांसही लावावे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी ओलाव्याचा वेग सारखा राहतो. शेवटी, एका कोपऱ्यातील फळी स्क्रूने काढता येईल अशी बसवावी. वर्षातून दोनदा ती उघडून खाली ओल वा वाळवीची मातीची नळी दिसते का, हे पाहावे.

स्वतःच्या शेतातील साग वापरावयाचा असल्यास दोन गोष्टी आधी कराव्यात. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार सागाच्या तोडीसाठी परवानगी आवश्यक आहे व लाकडाच्या वाहतुकीचेही नियम आहेत. आणि चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये आडव्या पट्ट्या देऊन, खालून-वरून हवा खेळेल अशा रचून किमान एक पूर्ण ऋतुचक्र वाळू द्याव्यात. वीस-पंचवीस वर्षे वाढलेल्या झाडासाठी एक वर्ष थांबणे ही मोठी किंमत नव्हे.

दोष कोणाचा?

फरशी बिघडल्यावर सुताराची मजुरी अडविली जाते, त्याचे नाव गावात खराब होते. वस्तुतः फळ्या जुळविणे, सांधे घट्ट करणे व पृष्ठभाग सफाईदार करणे हे त्याचे कौशल्य असते. कोब्याखालच्या काळ्या मातीवर किंवा जुन्या गोठ्याच्या क्षारांवर त्याचे नियंत्रण नसते. उलट, सांधे जितके घट्ट तितकी कोरड्या ऋतूत घातलेली फरशी पावसाळ्यात लवकर उचलली जाते. म्हणजे त्याची कारागिरीच त्याच्यावर उलटते. कामाच्या आरंभी लाकडाचा व कोब्याचा ओलावा मोजून तो तारखेसह कागदावर लिहिला आणि मालक व कारागीर या दोघांनी त्यावर सही केली, तर पुढील बरेच वाद उद्भवणारच नाहीत. मालकाने थांबण्यास नकार दिला असेल तर तेही त्या कागदावर यावे.

या ठिकाणी महाविद्यालये, तंत्रनिकेतने व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांना करण्यासारखे काम आहे. लाकडाच्या तुकड्याचा ओलावा काढून देणे ही पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमणारी चाचणी आहे. परिसरातील सुतारांना ती अल्प शुल्कात उपलब्ध करून दिल्यास कारागिरास संरक्षण, ग्राहकास खात्री व विद्यार्थ्यास उपयोजित ज्ञान असा तिहेरी लाभ होईल.

निष्कर्ष

१. बुलडाणा जिल्ह्यात बाहेरच्या खोलीतील अखंड लाकडी फरशी बिघडण्याचे प्रमुख कारण लाकडाची प्रत किंवा कारागिरी हे नसून ओलाव्याचे चढउतार हे आहे.

२. कोरडा उन्हाळा, दमट पावसाळा, कूलरचा वापर, फुगणारी काळी माती, खारपाणपट्टा आणि जुन्या गोठ्यातील क्षार या स्थानिक घटकांचा विचार तयार सूचनापत्रकांत नसतो. तो येथेच करावा लागतो.

३. कोब्याची चाचणी पावसाळ्याच्या अखेरीस करावी, लाकूड ९ ते ११ टक्क्यांपर्यंत वाळवावे आणि फरशी पावसाळा ओसरल्यानंतर बसवावी.

४. उंच जोते, ओलरोधक थर, खालून खेळती हवा, अरुंद फळ्या व कडेची मोकळी जागा या पाच बाबी अनिवार्य समजाव्यात.

५. जोते उंच करणे शक्य नसेल, खोली बहुतांश काळ बंद राहणार असेल किंवा कोब्यास लोणा लागत असेल, तर तेथे लाकडी फरशी घालूच नये. शहाबादी फरशी घालून घरच्या सागाचे तखत किंवा चौरंग करावेत. त्यामुळे सागाचा मान कमी होत नाही. वडिलांनी लावलेले झाड पहिल्या पावसात कुजण्यापेक्षा ते तखताच्या रूपाने नातवंडांपर्यंत पोहोचणे अधिक योग्य होय.